निगेटिव्हच्या पेटीतला तालुका
कंधार परिसरातील फोटोच्या दुकानांची वाटचाल

स्मरणिका हाती आली की वाचक आधी फोटो पाहतो. कोनशिला बसवतानाचा समारंभ, पहिला शिक्षकवृंद, बैलगाड्यांसह निघालेला मोर्चा, पुढाऱ्याच्या गळ्यातला हार. फोटोखाली डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावे दिलेली असतात. फोटो काढणाऱ्याचे नाव मात्र बहुतेक वेळा नसते. तालुक्याचा इतिहास लिहिताना किल्ला येतो, राष्ट्रकूट येतात, दर्गा येतो, शिक्षणसंस्था आणि चळवळी येतात. पण बाजारपेठेत दहा बाय बाराच्या गाळ्यात बसून हा सगळा इतिहास कागदावर उतरवणाऱ्या कुटुंबांवर दोन ओळीही सापडत नाहीत. ती उणीव थोडी भरून काढण्यासाठी हा आढावा. तो कोणा एका दुकानाचा नाही. नांदेड-लातूरकडच्या तालुक्याच्या गावांत ज्यांनी हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, त्या सर्वांचा आहे.

१९४८ पूर्वी : दरबाराची फोटोग्राफी

मुंबईत फोटोग्राफी लवकर रुजली. १८५४ मध्ये तिथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही या पहिल्या पिढीतली मराठी नावे. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. इथला कारभार उर्दूतून चाले आणि इथल्या माणसाची नजर मुंबईपेक्षा हैदराबादकडे अधिक असे.

हैदराबादकडे होती दीनदयाळ यांची पेढी. मेरठजवळच्या सरधन्यात १८४४ साली जन्मलेला आणि रुरकीला अभियांत्रिकी शिकलेला हा तरुण इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या कामावर लागला. १८७४ च्या सुमारास त्याने कॅमेरा हाती धरला तो इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर आणि ब्रिटिश अधिकारी सर हेन्री डॅली यांच्या प्रोत्साहनाने. पुढे सिकंदराबादेत दुकान, सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबारी नेमणूक, १८९२ मध्ये पडदानशीन स्त्रियांसाठी उंच भिंतींआडचा वेगळा स्टुडिओ, १८९६ मध्ये मुंबईची शाखा असा हा विस्तार होत गेला. ज्ञानचंद आणि धर्मचंद ही मुलेही याच कामात होती. पेढी नावाप्रमाणेच ‘अँड सन्स’ होती.

मराठवाड्याच्या दृष्टीने या पेढीचे सर्वांत मोलाचे काम राजवाड्यांतले नाही. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात औरंगाबाद जिल्ह्यात जी मदतकामे निघाली, त्यांची छायाचित्रे या पेढीने काढली. ती काढवून घेणाऱ्या सरकारला स्वतःचा चांगला कारभार दाखवायचा होता, हे त्या फोटोंच्या मांडणीवरून कळते. तरीही खडी फोडणारी आणि रांगेत बसलेली मराठवाड्याची सामान्य माणसे एवढ्या संख्येने कॅमेऱ्यासमोर आली ती बहुधा तेव्हाच. अन्यथा फोटो ही सरदार, जहागीरदार आणि अधिकाऱ्यांची चैन होती.

लोकांच्या मनात भीतीही होती. फोटो काढला की आयुष्य कमी होते, हा समज महाराष्ट्रात सर्वदूर पसरलेला होता. दादासाहेब फाळक्यांनी चित्रपटांकडे वळण्याच्या कितीतरी आधी गुजरातेत गोध्र्यासारख्या लहान गावी फोटो स्टुडिओ थाटला होता. तिथेच प्लेगमध्ये त्यांची पत्नी आणि मूल गेले आणि ते दुकानही संपले; नंतर बडोद्यात मांडलेल्या धंद्यात त्यांनाही या समजुतीला तोंड द्यावे लागले. लहान गावातल्या फोटोच्या दुकानाची सुरुवात किती कठीण असे, याचे याहून बोलके मराठी उदाहरण नाही.

१९५० चे दशक : पडदा, खुर्ची आणि उजेड

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. अर्ज, दाखले, नेमणुका, वसतिगृहे असे सगळे कागदोपत्री जग नव्याने उभे राहू लागले आणि सामान्य माणसाला प्रथमच स्वतःच्या चेहऱ्याच्या कागदाची गरज पडू लागली. तालुक्याच्या बाजारपेठेत फोटोच्या दुकानाला जागा मिळाली ती या गरजेतून.

भांडवल फार लागत नसे, पण जे लागे ते मोठे वाटे. तिपाईवरचा लाकडी फील्ड कॅमेरा, वर काळे कापड, काचेच्या प्लेटा, दोन-तीन तसराळी, लाल काचेचा कंदील. वीज नव्हती तिथे दिवसाउजेडावर काम चाले. म्हणून दुकान निवडताना उत्तरेचा उजेड पाहिला जाई. तो दिवसभर सारखा राहतो, चेहऱ्यावर कडक सावली पडू देत नाही. निगेटिव्ह आणि कागद एकमेकांना चिकटवून चौकटीत ठेवायचे, उजेडात काही क्षण धरायचे आणि आत पळायचे. निगेटिव्ह जेवढी, फोटो तेवढाच.

मागे रंगवलेला पडदा असे. त्यावर कारंजे, कठडा, वळणदार जिना, कधी ताजमहाल. पाट्या रंगवणारा पेंटरच तो रंगवून देई. पुढे खुर्ची, उंच स्टुलावर फुलदाणी. खुंटीवर एक कोट टांगलेला असे आणि तो तालुक्यातल्या कितीतरी नवरदेवांनी अंगात घातला. मनगटी घड्याळही दुकानाचेच. ज्याला आयुष्यात एकदाच फोटो काढायचा होता, त्याला त्या एका फोटोत स्वतःला हवे तसे दिसता यावे, याची ही सोय होती आणि फोटोवाले ती मोठ्या आपुलकीने करत.

प्लेट धुऊन वाळली की रीटचिंग. टोक केलेल्या शिसपेन्सिलीने निगेटिव्हवरच देवीचे व्रण, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळे नाहीशी केली जात. हे काम दारातल्या उजेडात बसून तासन्‌तास चाले. नजर जाईपर्यंत ते करणारे कारागीर या भागात होऊन गेले.

आणखी एक काम होते, त्याबद्दल बोलले जात नाही. घरात मयत झाली आणि त्या माणसाचा एकही फोटो नसला, की रात्री-अपरात्री फोटोवाल्याच्या दारावर थाप पडे. भिंतीला टेकवून बसवलेल्या देहाचा फोटो काढायचा, नंतर पेंटरकडून डोळे उघडे करून घ्यायचे. काही वेळा जुना ग्रुप फोटो आणून दिला जाई. चौथ्या रांगेतले बोटाच्या पेराएवढे डोके मोठे करायचे, टोपीच्या जागी फेटा चढवायचा, आणि बाई सवाष्ण गेली असेल तर कपाळावर कुंकू रेखायचे. आज आपल्या भिंतींवर हार घातलेले जे आजोबा-पणजोबा आहेत, त्यांतल्या अनेकांचा चेहरा असा हाताने जोडून उभा केलेला आहे.

१९६० चे दशक : बाकांवरच्या रांगा

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले, दोन वर्षांनी जिल्हा परिषदा आल्या. कंधार तालुक्यात भाई केशवराव धोंडगे, भाई गुरुनाथराव कुरुडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटीच्या माध्यमातून शाळा खेड्यांपर्यंत नेल्या. शाळा वाढल्या तसे फोटोवाल्यांचे कामही वाढले. निरोप समारंभाचा ग्रुप फोटो हे वर्षाचे ठरलेले काम. मागे बाकांवर उभे, मधे खुर्च्यांवर गुरुजन, पुढे जमिनीवर मांडी घालून बसलेले आणि मधोमध इयत्ता व साल लिहिलेली पाटी. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते, अशा मुलांचा पहिला फोटो हाच आहे.

याच दशकात काचेच्या प्लेटा मागे पडून १२० चा रोल सर्वत्र आला. एका रोलमध्ये चौकोनी १२ फोटो. वरून वाकून पाहायचा, दोन भिंगांचा कॅमेरा फोटोवाल्यांच्या गळ्यात आला आणि हौशी माणसाच्या हाती आगफाचा क्लिक थ्री. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, त्याचा ‘इंदू’ हा माल पुढे लहान दुकानांपर्यंत पोचला. परदेशी मालाच्या टंचाईत दुकाने तगली ती अशा देशी मालावर.

फोटोवाला आता दुकानाबाहेर पडला. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत त्याचा तंबू लागे. पडदा तोच, फक्त समोर पुठ्ठ्याची चंद्रकोर किंवा विमान. जनावरांचा बाजार तर जवळच. लाल कंधारी बैलाच्या वेसणीला हात घालून उभा राहिलेला शेतकरी हा या भागाचा खास फोटो. आपल्यापेक्षा बैल नीट आला पाहिजे, ही ताकीद आधी मिळे.

१९७० चे दशक : पाण्याचा हिशेब

फोटोच्या धंद्याला पाणी किती लागते, हे बाहेरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. डेव्हलपरमधून काढलेला कागद हायपोत पक्का होतो. पण नंतर तो हायपो पूर्ण धुऊन निघावा लागतो. राहिला तर काही वर्षांत फोटो पिवळा पडतो, डागाळतो. नळाच्या वाहत्या पाण्यात हे सहज होते. इथे नळच नव्हते. विहिरीवरून आणलेल्या घागरी तसराळ्यात ओतायच्या, फोटो खालीवर करायचे, पाणी बदलायचे, पुन्हा ओतायचे. ही घागरींची ने-आण बहुतांश घरातल्या बायकांनी केली. दुकानाच्या पाटीवर त्यांचे नाव नसले, तरी आज पन्नास वर्षांनी जो फोटो स्वच्छ राहिला आहे तो त्यांच्या कष्टाने.

मग १९७२ चा दुष्काळ आला. प्यायला पाणी मिळेना तिथे फोटो धुणार कशात? माणसे खडी फोडायला, पाझर तलावांच्या कामावर गेली. लग्ने पुढे ढकलली गेली. त्या काळातले जे फोटो आज हाती येतात, त्यांतले बरेच पिवळट आहेत. त्यात फोटोवाल्याची हयगय शोधू नये.

उन्हाळाही शत्रूच. डेव्हलपरला २० अंशांच्या आसपासचे तापमान मानवते, आणि मे महिन्यात इथे पारा चाळिशीपार जातो. गरम द्रावणात फिल्मवरचा थर मऊ पडतो, सुरकुततो, कधी सुटून येतो. म्हणून उन्हाळ्यात डार्करूमचे काम रात्री उशिरा किंवा पहाटे चाले. तसराळी माठाच्या गार पाण्यात ठेवत, थर घट्ट राहावा म्हणून हायपोत तुरटी घालत. पुस्तकातली कृती इथल्या हवेला बेतून घेण्याचे हे ज्ञान बापाकडून मुलाला आणि उस्तादाकडून शागिर्दाला मिळाले. या धंद्यात हिंदू-मुसलमान दोघेही होते आणि एकाच्या दुकानात शिकून दुसऱ्याने दुकान काढल्याची उदाहरणे गावोगाव आहेत.

दशक चळवळींचेही होते. १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन, मग आणीबाणी, आणि १९७७ च्या निवडणुकीत नांदेडमधून लोकसभेवर गेलेले केशवराव धोंडगे. मोर्चा निघाला की फोटोवाला कट्ट्यावर चढलेला असायचाच. हा फोटो वर्तमानपत्रात छापायचा तर आधी शहरात पाठवून त्याचा जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागे. म्हणून काढलेल्यांपैकी फार थोडे फोटो छापले गेले. उरलेले सगळे दुकानांतल्या पेट्यांत राहिले.

१९८० चे दशक : रंग आला

१९८२ साली उस्मानाबादमधून वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला. दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले ते याच वर्षी, आणि गिऱ्हाईक फोटोही रंगीत मागू लागले. इथे पहिल्यांदा दुकानदाराच्या हातातून कारागिरीचा एक भाग निसटला. रंगीत फिल्म धुण्याची यंत्रे लाखांची; ती शहरातल्या लॅबमध्ये. लग्न झाले की रोल एसटीने नांदेडला किंवा हैदराबादला जायचा आणि फोटो परत येईपर्यंत वधूपित्याच्या चकरा सुरू. फोटो कसा आला हे फोटोवाल्यालाही पाकीट उघडल्यावरच कळे.

उत्पन्न मात्र वाढले. ३५ मिलिमीटरच्या रोलमध्ये ३६ फोटो बसत, त्यामुळे लग्नाच्या अल्बमची पाने वाढली. दशकाच्या शेवटी व्हिडिओ शूटिंग आले. खांद्यावर कॅमेरा, मागे हॅलोजन घेऊन धावणारा पोऱ्या, आणि कॅसेटमध्ये फुलाच्या पाकळ्यांतून उमलणारी नवरी. एका दुकानाची दोन-तीन दुकाने झाली ती याच सुमारास. भावांनी वेगळी पाटी लावली, शागिर्दांनी समोरच गाळा घेतला. त्या वेळी थोडी कटुता आली असेल. पण मोठ्या लग्नाच्या तिथीला एकमेकांचा कॅमेरा आणि फ्लॅश मागून नेण्याची रीत कुठे मोडली नाही.

१९८९ मध्ये दिल्लीत घडलेली एक गोष्ट इथे नोंदवायलाच हवी. राजा दीनदयाळ १९०५ मध्ये वारले. पुढे त्यांच्या वारसांनी काचेच्या निगेटिव्ह सांभाळून ठेवल्या. त्यांतल्या २,८५७ प्लेटा १९८९ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. निजामाच्या राज्याचा केवढा तरी इतिहास त्यामुळे अभ्यासकांना खुला झाला. त्याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? काचेच्या जुन्या प्लेटा खरवडून फोटोफ्रेमला बसवल्या जात होत्या आणि फिल्मच्या निगेटिव्ह चांदी काढणाऱ्यांना किलोवर विकल्या जात होत्या. गाळा लहान, घर वाढलेले, पावसाळ्यात पेट्यांना ओल. विकणाऱ्यांना दोष देता येत नाही. कोणी येऊन “हे ठेवा” असे सांगितलेच नव्हते.

१९९० चे दशक : भूकंप आणि ओळखपत्र

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची पहाट, वेळ चारच्या आसपास. किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे गेली. ज्या भिंती पडल्या त्यांवरच कुटुंबांचे फोटो होते. माणूसही गेला आणि त्याची एकमेव प्रतिमाही गेली, अशा घरांना पुन्हा चेहरा मिळण्याची एकच जागा शिल्लक होती : फोटो जिथे काढला त्या दुकानातली निगेटिव्ह. पन्नासच्या दशकातल्या फोटोवाल्यांनी मयताच्या घरी जाऊन केलेले काम आणि ही पेटी यांचे मोल एकच आहे.

त्याच वर्षी निवडणूक आयोगाने मतदारांना छायाचित्र ओळखपत्र देण्याचा आदेश काढला. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या आग्रहाने हे काम देशभर उभे राहिले. चावडीत, शाळेच्या ओसरीवर, मंदिराच्या पारावर माणसे रांगेने बसवून फोटो काढले गेले. पदर सारखा करून कॅमेऱ्यासमोर बसलेल्या कित्येक म्हाताऱ्यांचा तो पहिलाच फोटो होता. तो सुंदर आला नाही हे खरे. पण त्यांच्या नातवंडांना आजी दाखवायची तर तोच एक आहे.

१९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. परीक्षा, प्रवेश, शिष्यवृत्ती यांच्या अर्जांनी पासपोर्ट फोटोला जूनपासून ऑगस्टपर्यंत उसंत नसे. ‘अर्जंट फोटो’ ही पाटी त्या काळातली.

२००० नंतर : डार्करूमला कुलूप

डिजिटल कॅमेरा आला आणि चार-पाच वर्षांत डार्करूम बंद झाली. तिच्या जागी संगणक बसला. तसराळी घरी पाणी तापवायला गेली. जे रीटचिंग पेन्सिलीने तासभर चाले, ते मुलगा माऊसने मिनिटात करू लागला. ज्या घरांत पुढची पिढी वेळेत शिकली ती दुकाने टिकली. पाऊणशे वर्षांत या धंद्याने सोसलेला हा सर्वांत मोठा धक्का होता, आणि तो जगभर बसला : जानेवारी २०१२ मध्ये खुद्द कोडॅक कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

२०१० च्या सप्टेंबरात नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिला आधार क्रमांक दिला गेला. आता सरकारी केंद्रातच फोटो निघू लागला, मोबाइल प्रत्येकाच्या हाती आला. दुकानदारांनी मग झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन अर्ज, फ्लेक्स, वाढदिवसाचे कप असे जोडधंदे धरले. लग्नाचे काम उलट वाढले. करिश्मा अल्बम, ड्रोन, प्री-वेडिंग. कंधारचा किल्ला, त्याचा खंदक आणि ‘जगत्तुंग समुद्र’ या तलावाचा काठ आता नवरा-नवरीच्या फोटोंत दिसू लागला आहे. पूर्वी पडद्यावर रंगवावा लागणारा जिना आणि कठडा इथे खराच आहे.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने ऐन लग्नसराई बुडाली. कर्जावर घेतलेले कॅमेरे पेटीत आणि हप्ते चालू. ते वर्ष फोटोवाल्यांनी शेतीवर, भाजीच्या गाड्यावर, मिळेल त्या कामावर काढले आणि दुकाने पुन्हा उघडली.

आज : पेट्या उघडण्याची वेळ

१ जानेवारी २०२३ रोजी, वयाची शंभरी पार केलेले भाई केशवराव धोंडगे गेले. अशा माणसाच्या सार्वजनिक आयुष्याचे फोटो जुन्या निगेटिव्ह तपासल्याशिवाय पूर्ण गोळा होणार नाहीत, आणि त्या आहेत त्या दुकानांच्या पोटमाळ्यांवर.

आज तिसरी पिढी दुकानात बसते. तिच्याकडे कॅमेरा आहे, संगणक आहे, स्कॅनर आहे आणि आजोबांच्या पेटीवर हक्कही तिचाच आहे. काम अवघड नाही. फिल्मला आंबूस वास येऊ लागला असेल तर ती नासायला लागली आहे. अशा पट्ट्या आधी वेगळ्या करून त्यांचेच स्कॅनिंग पहिल्यांदा व्हावे. काचेच्या प्लेटा एकावर एक आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात, प्रत्येकीला कागदाचे वेगळे पाकीट करावे, प्लास्टिक टाळावे.

त्याहून महत्त्वाची आहे ती नोंदवही. जुने फोटोवाले प्रत्येक निगेटिव्हच्या पाकिटावर क्रमांक घालत आणि वहीत त्या क्रमांकापुढे नाव, गाव, तारीख आणि आगाऊ रक्कम लिहीत. वही शाबूत असेल तर पेटीतला प्रत्येक चेहरा नावागावासकट परत मिळतो. वही हरवली असेल तर त्या त्या गावातल्या ऐंशीच्या घरातल्या माणसांना फोटो दाखवून नावे लिहून घ्यावी लागतील. तेव्हा ज्या दुकानांत वही आणि पेटी दोन्ही आहेत तिथले स्कॅनिंग नंतर झाले तरी चालेल. वही नसलेल्या पेट्या घेऊन गावात जाण्याचे काम आधी हाती घ्यायला हवे, या दिवाळीच्या सुट्टीतच.